एक तास मागे

घड्याळकाकूंनी जहाजाच्या सहलीला होकार दिला तो समुद्राच्या ओढीने नव्हे. समुद्र त्यांनी पूर्वी पाहिला होता आणि मधल्या काळात त्यात काही सुधारणा झाली असेल असं त्यांना वाटत नव्हतं. होकार दिला तो नवऱ्याला आठवडाभर दुकानातून उचलून कुठेतरी लांब ठेवावं म्हणून.

नवरा म्हणजे घड्याळजी. अख्खी गल्ली त्यांना घड्याळजी म्हणायची, त्यामुळे काकू आपोआप घड्याळकाकू झाल्या होत्या आणि स्वतःचं नाव त्यांना आता सही करतानाच आठवायचं. दुकान एवढंसं. एकाने बसायचं आणि दुसऱ्याने वाकून बघायचं, तिसरा आला तर त्याने पायरीवर थांबायचं. पण तिसरा येऊन बरीच वर्षं झाली होती. गेल्या महिन्यात दुकानात एकंदर नऊ माणसं आली. सात जण सेल बदलायला, एक पत्ता विचारायला आणि एक फोन चार्ज करून मिळेल का म्हणून. घड्याळाचं पाठचं झाकण उघडण्याचा योग महिनाभर आला नाही. घड्याळजी रोज सकाळी शटर वर करत, डोळ्याला भिंग लावत आणि चालू असलेलीच घड्याळं उघडून बघत.

मुलगा म्हणाला, "बाबा, पुरे आता. दुकान बंद करा, आराम करा." घड्याळजी म्हणाले, "सहलीहून आल्यावर सांगतो." हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की काकूंना धास्तीच वाटली. दुकान बंद झालं तर हा माणूस दिवसभर घरात बसून घरातल्या धडधाकट वस्तू दुरुस्त करणार, ही एक भीती होतीच. पण खरं दुःख वेगळं होतं. चाळीस वर्षं ज्याच्यावाचून लोकांचं अडत होतं, त्याच्यावाचून आता कुणाचंच अडत नव्हतं. कुणीतरी एकदा येऊन या माणसाला म्हणावं, 'तुम्ही या, तुमच्याशिवाय होणार नाही,' एवढंच काकूंना हवं होतं. त्यासाठी त्या जहाजातच काय, पाणबुडीतही बसल्या असत्या.

सहलीची बातमी फुटली आणि सल्ले सुरू झाले. समोरचा शिंपी म्हणाला, "जहाजाच्या मधोमध खोली घ्या, तिथे हलत नाही." चष्मेवाला म्हणाला, "मधोमध मुळीच घेऊ नका, खिडकी नसते, डोळे फिरतात." वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी 'बुडण्यापासून बचाव' नावाची पुस्तिका आणून दिली. तिच्यातलं पहिलं पान शाबूत होतं आणि त्यावर 'प्रथम घाबरू नये' असं होतं. पुढची सगळी पानं वाळवीने खाल्ली होती, त्यामुळे दुसरं काय करायचं ते कळायला मार्ग नव्हता. या तिघांपैकी जहाज कुणीच पाहिलेलं नव्हतं. शिंप्याने फक्त एकदा एका खलाशाची विजार आखूड केली होती, आणि तेवढ्या अधिकारावर तो तासभर बोलला. मुलाने शेवटी मधोमधचीच खोली घेतली, कारण तीच उरली होती.

घोटाळ्याची सुरुवात बंदरावरच झाली. सामान तपासायच्या पट्ट्यावरून घड्याळजींची पिशवी आत गेली आणि बाहेर आलीच नाही. पिशवीतून टिकटिक ऐकू येत होती. चार गणवेशधारी माणसं पिशवीपासून दहा पावलं मागे सरकली आणि त्यांनी बाकीच्या रांगेलाही मागे सरकवलं.

"आत काय आहे?" अधिकाऱ्याने लांबूनच विचारलं.

"वेळ," घड्याळजी म्हणाले. काकूंनी कपाळाला हात लावला.

आत गजराचं घड्याळ होतं. पितळी, गोल, चावीचं, डोक्यावर घंटा. घड्याळजी मनगटावर घड्याळ घालत नसत. काम करताना पट्टा आड येतो म्हणायचे. काकूंच्या मनगटावरचं घड्याळ अकरा वर्षांपूर्वी बंद पडलं होतं आणि 'उद्या बघतो' या आश्वासनावर ड्रॉवरमध्ये पडून होतं. म्हणून हे पितळी घड्याळ टॉवेलात गुंडाळून आणलं होतं. अधिकाऱ्याने नियमांची यादी उघडली. घड्याळ नेण्याला हरकत नव्हती, पण 'मोठ्या आवाजाच्या वस्तू' न्यायला बंदी होती. घंटा काढली तर ते मोठ्या आवाजाची वस्तू राहत नाही, अशी दोन अधिकाऱ्यांच्या चर्चेतून वाट निघाली. घड्याळजींनी खिशातून लहानसा डबा काढला, त्यातला बारीक पेचकस घेतला, भिंग लावलं आणि दीड मिनिटात घंटा काढून टेबलावर ठेवली. रांगेतल्या काहीजणांनी टाळ्या वाजवल्या. घड्याळजींनी मान जराशी लववली. आणि त्याच क्षणी अधिकाऱ्याचं लक्ष पेचकसाकडे गेलं. पेचकस, चिमटे, सुया, सगळा डबा 'टोकदार वस्तू' म्हणून जप्त झाला आणि त्याची तीन प्रतींत पावती मिळाली. भिंग तेवढं डोळ्यावरच राहिल्यामुळे वाचलं.

"तुमचं मनगटावरचं चार मिनिटं मागे आहे," जाताना घड्याळजी अधिकाऱ्याला म्हणाले. सूडबुद्धीने ते कधीच बोलत नसत, असं एरवी काकूंनी छातीठोकपणे सांगितलं असतं.

जहाज म्हणजे एक आडवं पडलेलं गाव होतं. चौदा मजले, सहा भोजनगृहं, पोहायचे तलाव आणि सगळीकडे हसणारी माणसं. खोलीला खिडकी नव्हती. दिवा मालवला की दिवस का रात्र कळत नसे. काकू, घड्याळजी आणि नऊ वर्षांची नात या खोलीत, मुलगा आणि सूनबाई शेजारच्या. नातीला आजोबा 'सेकंद' म्हणायचे, कारण ती एका जागी थांबत नसे. सूनबाईंनी पहिल्याच दिवशी सगळ्यांचे फोन गोळा करून आपल्या खोलीतल्या कपाटात कुलूपबंद केले. नवऱ्याने सुट्टीत कचेरीचं काम करू नये म्हणून. टीव्हीच्या कोपऱ्यात वेळ दिसायची, त्यावर घड्याळजींनी टॉवेल टाकला. आकड्यांचं घड्याळ त्यांच्या दृष्टीने अंगावर कपडे नसलेल्या माणसासारखं होतं. अशा रीतीने पितळी घड्याळ हे घरादाराचं एकमेव घड्याळ झालं.

पहिल्या दिवशी बचावाची कवायत होती. घड्याळजींच्या शिस्तीमुळे मंडळी वीस मिनिटं आधी जाऊन नारिंगी जाकिटं घालून उभी राहिली. लोकांना ती जहाजाची नोकरमाणसं वाटली. काकूंना तिघांनी स्वच्छतागृह विचारलं आणि एका आजोबांनी त्यांच्या हातात रिकामी बशी दिली. काकूंनी ती धरून ठेवली, कारण परत कुणाला द्यायची ते कळेना.

पण खरी गोष्ट मोठ्या जिन्याची आहे. जहाजाच्या मध्यावर तीन मजले उंच दालन होतं, त्यात गोल जिना आणि जिन्यावर भिंतीत बसवलेलं भलंमोठं घड्याळ. दीड पुरुष उंचीची तबकडी, सोनेरी काटे. ते पाचला वीस कमी असताना बंद पडलेलं होतं. घड्याळजी जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबले ते थांबलेच. मागून येणारी माणसं त्यांना वळसा घालून जात होती. काकूंना वाटलं, आता हे रडतात की काय.

ते तडक स्वागतकक्षात गेले. "तुमचं घड्याळ बंद आहे."

खिडकीतल्या मुलीने गोड हसून अर्ज दिला. अर्जात तक्रारीचा प्रकार निवडायचा होता: जेवण, खोली, करमणूक. वेळेचा रकाना नव्हता. घड्याळजींनी बराच विचार करून 'करमणूक' वर खूण केली. संध्याकाळी खोलीत दिलगिरीच्या चिठ्ठीसह फळांची टोपली आली. दुसऱ्या दिवशी त्यांनी 'खोली' वर खूण केली. दुसरी टोपली आली. तिसऱ्या दिवशी 'जेवण'. तिसरी टोपली आली, तिच्यावर टॉवेलाचा घडी घालून केलेला हत्ती होता. घड्याळ पाचला वीस कमीच होतं. सेकंद म्हणाली, "आजोबा, आणखी दोन तक्रारी करा ना, द्राक्षं संपली."

घड्याळजी मात्र डेकवरच्या खुर्चीत समुद्राकडे पाठ करून बसू लागले. "राहू दे," ते म्हणाले. "लोकांना चालतंय. बंद घड्याळसुद्धा चालतं आता लोकांना."

काकूंना हे वाक्य सहन झालं नाही. चौथ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात घेऊन त्या जिन्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि पांढऱ्या कपड्यांतला, पण नखांत तेल गेलेला पहिला माणूस दिसताच त्याला अडवलं. तो जहाजाचा यंत्रप्रमुख निघाला.

"हे चालू का करत नाही तुम्ही?" काकू म्हणाल्या.

"बाई, माझ्याकडे इंजिनं बघायला नव्वद माणसं आहेत. पण हे घड्याळ यंत्रांच्या यादीत नाही. सजावटीच्या यादीत आहे. सजावटवाले म्हणतात आत चाकं आहेत म्हणजे ते यंत्र. दोन वर्षं पत्रव्यवहार चाललाय."

"माझे यजमान चाळीस वर्षं हेच करतात. वर डेकवर बसलेत, निळ्या खुर्चीत. पण मी सांगितलं असं कळता कामा नये. तुम्ही आपणहून त्यांच्याकडे जा. म्हणा, अडलंय."

यंत्रप्रमुखाने काकूंकडे नीट पाहिलं. तो बहुधा बायको असलेला माणूस होता. दुपारी तो निळ्या खुर्चीपाशी गेला, टोपी काढली आणि म्हणाला, "साहेब, आमचं फार अडलंय. उद्या सकाळी नऊ ते दहा मी जिना बंद ठेवतो, शिडी लावतो. हत्यारं माझी. याल का?"

घड्याळजी म्हणाले, "बघतो, वेळ आहे का." आणि खुर्ची उचलून समुद्राकडे तोंड करून बसले. काकूंनी तोंडाला रुमाल लावून पोटभर हसून घेतलं.

इथवर सगळं छान चाललं होतं. चारच्या चहाला जहाजाच्या माणसाने प्रत्येकाच्या हातात एक कागद ठेवला. 'आज रात्री जहाजावरील घड्याळे एक तास मागे घेतली जातील. प्रवाशांनी आपापली घड्याळे झोपण्यापूर्वी जुळवून घ्यावीत.'

घड्याळजींनी कागद दोनदा वाचला आणि घडी घालून बशीखाली ठेवला. "हे नाही व्हायचं," ते म्हणाले. "कुणीतरी जहाजावरून हुकूम सोडायचा आणि मी काटे हलवायचे? लहान पोरांचा खेळ आहे का हा? माझं घड्याळ घरची वेळ दाखवतं. मी मनातल्या मनात तास वजा करीन."

मुलगा म्हणाला, "अहो बाबा, पण सकाळी नऊला..."

"वजाबाकी येते मला." आणि वारा सुटलाय, स्वेटर आणतो म्हणून ते खोलीकडे गेले. दहा मिनिटांनी परत आले, स्वेटर न घेताच.

काकूंचा नवऱ्याच्या हातांवर विश्वास होता, वजाबाकीवर नव्हता. मुलाच्या लग्नात त्यांनी असाच मनात हिशेब केला होता आणि वाजंत्रीवाले दुसऱ्याच वरातीबरोबर निघून गेले होते. उद्या यंत्रप्रमुख शिडी लावून उभा राहील आणि हे मनात तास वजा करायच्या ऐवजी मिळवतील, या विचाराने त्यांना चहा गोड लागेना. वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्यांना दुखवायचंही नव्हतं, निदान आज तरी नाही.

संध्याकाळी घड्याळजी आंघोळीला गेले तेव्हा काकूंनी संधी साधली. घड्याळ हातात घेतलं. आता या घराची एक रीत होती: काटे कधीही उलटे फिरवायचे नाहीत, यंत्राला इजा होते. मागे जायचं असेल तर पुढे जात जात मागे यायचं. म्हणजे एक तास मागे यायला अकरा तास पुढे. काकूंनी न्हाणीघराच्या दारावर डोळा ठेवून मोठा काटा अकरा वेळा गरगर फिरवला. छोट्या काट्याकडे बघायला सवड कुणाला होती! पाण्याचा आवाज थांबला तेव्हा त्यांचा अकरावा फेरा पुरा होत होता. मोठा काटा पुन्हा होता तिथेच आला. घड्याळ जागच्या जागी ठेवून त्या सूनबाईंकडे केसांना पिन लावून घ्यायला गेल्या, चेहऱ्यावर काहीच न केल्याचा भाव आणून. मग जेवण झालं, जादूगाराचा कार्यक्रम झाला, आणि परत आल्यावर सगळे दिवा न लावताच आडवे झाले.

सकाळी काकूंना जाग आली. खोलीत मिट्ट काळोख. घड्याळाचे काटे अंधारात हिरवे दिसत होते: साडेचार. त्या पुन्हा झोपल्या. पुन्हा जाग आली, सव्वापाच. घड्याळजीही कूस बदलत होते.

"अगं, झोप येत नाही."

"आजच्या कामाची हुरहूर आहे तुम्हाला. पडून राहा."

सेकंद उठून बसली. "आजी, मला भूक लागलीय."

"पहाटे भूक लागत नाही. झोप."

पोटात कावळे ओरडत होते ते काकूंच्याही. पण घड्याळ सांगत होतं पहाट आणि त्या घरात घड्याळाशी वाद घालायची पद्धत नव्हती. समुद्रात रात्री लांब असाव्यात, असं काकूंनी ठरवून टाकलं. अखेर सात वाजले. घड्याळजींनी दाढी केली, बेतशीर भांग पाडला, पांढरा सदरा चढवला. गंमत म्हणजे त्यांनी वजाबाकीचं नाव काढलं नाही. सात म्हणजे सातच धरून चालले होते. काकूंनी मनात म्हटलं, विसरले बहुतेक, बरं झालं, आणि आपणही तोंड उघडलं नाही.

पावणेनऊला मिरवणूक निघाली. पुढे भिंग छातीशी धरून घड्याळजी, मागे काकू, मधे सेकंद. वाटेत भोजनगृहाबाहेर ही गर्दी. लोक बशा भरभरून मासे, भाज्या आणि आइस्क्रीम घेत होते.

"सकाळी नऊला जेवण!" घड्याळजी थबकले. "काय हा अधाशीपणा. माणसाने सुट्टीवर गेल्यावर काहीतरी ताळतंत्र ठेवावं."

काकूंनी वरच्या काचेकडे पाहिलं. सूर्य बरोबर डोक्यावर होता. माणसांच्या पायाखालची सावली एवढीएवढीशी होती.

जिन्यापाशी शिडी नव्हती. यंत्रप्रमुख तेवढा कठड्याला टेकून उभा होता, आणि मुलगा आणि सूनबाई ओले केस घेऊन तलावावरून नुकतेच आले होते. "बाबा, झालं का दुरुस्त?" मुलगा हसत विचारत होता, पण घड्याळ अजून पाचला वीस कमीच होतं.

"आलो," घड्याळजी म्हणाले. "नऊला दोन मिनिटं कमी आहेत."

यंत्रप्रमुखाने मनगट पुढे केलं. "साहेब, बाराला दोन कमी आहेत. मी दहापर्यंत थांबलो. सव्वादहापर्यंत. मग जिना उघडावा लागला."

घड्याळजींच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. चाळीस वर्षांत ते कुठेही दोन मिनिटं उशिरा गेले नव्हते; स्वतःच्या लग्नाला तर इतके आधी पोचले होते की मांडव घालायला त्यांनीच मदत केली होती. काकूंना वाटलं, जमीन दुभंगावी. पण खाली समुद्र होता.

"माझ्या घड्याळाला हात कुणी लावला?" घड्याळजी हळू आवाजात म्हणाले.

काकूंनी डोळे मिटले. "मी. एक तास मागे केला. तुम्ही वजाबाकी करणार म्हणालात म्हणून. पण रीतीने केला हो, अकरा तास पुढे नेऊन."

"आजोबा, मीपण," सेकंद म्हणाली. "आजी केसांना पिना लावायला गेली तेव्हा. मीपण अकरा वेळा फिरवलं."

मुलगा पायातल्या सपातांकडे बघत होता. "बाबा, मी तुमचा इस्त्रीचा सदरा ठेवायला आलो होतो... तुम्हाला सांगितलं असतं तर वाईट वाटलं असतं. मी आपला एक फेरा मागे घेतला."

"उलटा?"

"उलटा."

"उलटा फिरवलास!" तीन तासांच्या उशिरापेक्षाही हा घाव घड्याळजींना जास्त लागला. सूनबाई म्हणाल्या, "मीही येणार होते. पण दारातून बघितलं तर आत आधीच कुणीतरी होतं."

सेकंद बोटांवर काहीतरी मोजत होती. "थांबा. आजीचा एक, माझा एक, बाबांचा एक. तीन झाले. एक तर हवाच होता. म्हणजे दोन तास उशीर झाला पाहिजे. मग तीन तास कसा झाला?"

यंत्रप्रमुखही बोटं मोजू लागला. हिशेब बरोबर होता. कुणाचा तरी एक तास जास्त होता. काकूंनी सूनबाईंकडे पाहिलं, सूनबाईंनी मान हलवली. मग काकूंना काल न आणलेला स्वेटर आठवला. त्या सावकाश नवऱ्याकडे वळल्या.

घड्याळजी भिंग सदऱ्याच्या टोकाने पुसत होते. भिंग स्वच्छ होतं.

"अहो?"

"कागद आला तेव्हाच केला होता मी," ते म्हणाले. "उशीर झाला असता तर तुझा शब्द गेला असता."

"माझा शब्द?"

"या माणसाशी चहाचा कप हातात धरून बोलताना पाहिलं मी तुला. वरच्या डेकवरून काचेतून खालचा जिना दिसतो."

काकूंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि त्याच वेळी इतकं हसू आलं की त्यांना कठडा धरावा लागला. "मग काल सगळ्यांसमोर एवढा तोरा कशाला?"

"तसं म्हणावं लागतं," घड्याळजी म्हणाले. "धंद्याची अब्रू असते."

यंत्रप्रमुखाने टोपी काढून तिच्यात तोंड लपवलं होतं. त्याचे खांदे हलत होते. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन तो म्हणाला, "साहेब, सकाळी जिना बंद करायला मला चार खात्यांची परवानगी घ्यावी लागली. आता बघा. सगळी जेवायला गेलीत. जिन्यावर तुमच्याशिवाय कुणी नाही." आणि त्याने खांबामागून शिडी ओढली.

घड्याळजी वर चढले. काकूंनी खालून शिडी धरली, जरी तिला धरायला दोन खलाशी होते. वर काच उघडली. भिंग डोळ्याला लागलं. त्यांचे हात काकूंना खालून दिसत होते, आणि ते हात महिनाभरात पहिल्यांदाच बंद घड्याळावर काम करत होते.

"मोठा काटा वाकून तबकडीला अडकलाय," वरून आवाज आला. "कुणीतरी जोर करून उलटा फिरवलाय. कुणी?"

यंत्रप्रमुख छताकडे बघू लागला. "प्रत्येक बंदराला वेळ बदलते, साहेब. कुणीतरी करायला हवंच..."

"किती जणांनी?"

"आम्ही तिघे-चौघे असू."

वीस मिनिटांनी दालनात एक जाड, सावकाश टिकटिक सुरू झाली. तोवर जेवण आटोपलेले लोक परत येऊ लागले होते. जहाजावर बहुतेक म्हातारी मंडळी होती, आणि म्हाताऱ्या मंडळींच्या मनगटावर घड्याळं होती. ती जिन्याखाली गोळा झाली. एक आजोबा पट्टा सोडत म्हणाले, "खाली उतरलात की माझं जरा बघाल का? सहा वर्षं बंद आहे. आमच्याकडे आता उघडणारा कुणी राहिला नाही." त्यांच्यामागे आणखी एकजण पट्टा सोडत होता, त्याच्यामागे एक बाई पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. मुलगा त्या रांगेकडे बघत उभा राहिला. दुकानाबद्दल तो त्यानंतर काही बोलला नाही.

घड्याळजींनी काटे मोकळे केले, आणि मग ते शिडीवर तसेच थांबले. काटे लावायचे होते, पण कुठे लावायचे ते त्यांना ठाऊक नव्हतं. लोकांनी त्यांना वेळ विचारायची. त्यांनी कुणाला विचारल्याचं काकूंना उभ्या संसारात आठवत नव्हतं. त्यांनी एकदा आजूबाजूला पाहिलं. खाली पन्नास माणसं होती, त्यातल्या निम्म्यांच्या हातात फोन होते. त्यांनी मान खाली वळवली.

"अगं," ते म्हणाले, "किती वाजले?"

काकूंनी यंत्रप्रमुखाचं मनगट ओढून जवळ घेतलं आणि दोनदा बघितलं, चूक व्हायला नको म्हणून.

"बारा पस्तीस," त्या म्हणाल्या.

घड्याळजींनी बारा पस्तीस लावले. कुणाच्या घड्याळात, असं त्यांनी विचारलं नाही.